व्हायलंय!

आमच्या मानवत गावात कुठल्याही कामाची खबर एका शब्दात मिळते. शिंप्याकडे कापड टाकून महिना झालेला असो, डीपी जळून चौथा दिवस उजाडलेला असो, नाहीतर फेरफाराचा कागद कुणाच्या तरी टेबलावर निवांत पडलेला असो. "झालं का ओ?" असं विचारा, उत्तर येतं, "व्हायलंय." या शब्दाला कोर्टातसुद्धा खोटं पाडता येणार नाही. कामाला हात लागलेला नसला तरी ते व्हायलंय, आणि काम करणारा अर्ध्यावर टाकून मेहुण्याच्या लग्नाला सेलूला गेला असला तरी व्हायलंय. बरीच वर्षं मी समजत होतो की ही विद्या आपल्याच मुलखातली. पोटासाठी काळ्या पडद्यावर कमांड टाइप करायला बसलो तेव्हा समजलं, जगभरचे प्रोग्रॅमर हेच बोलतात. ते तोंड उघडत नाहीत इतकंच, चकरी फिरवतात.

चकरी सगळ्यांनी पाहिली आहे. टर्मिनलमध्ये ती फार साधी असते: उभी दांडी, तिरकी दांडी, आडवी रेघ, उलट्या बाजूची तिरकी, पुन्हा उभी. चार चिन्हं एकाच जागी एकामागून एक उमटवली की डोळ्याला काठी गरगरल्यासारखी दिसते. शेजारी "कृपया प्रतीक्षा करा". या काठीसमोर बसून मी डिसेंबरातली एक अख्खी रात्र घालवली आहे. राग अजून उतरलेला नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मी इथल्या आडत्यांची आणि जिनिंगवाल्यांची संगणकाची कामं करतो. काटापट्ट्या, हिशेबपट्ट्या, गठाणींच्या नोंदी, असलं सगळं. एका जिनिंगमध्ये जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर काढून नवं बसवायचं होतं. नवं सॉफ्टवेअर बाहेरगावच्या एका कंपनीचं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. चार हंगामांच्या नोंदी जुन्यातून नव्यात न्यायला त्यांनी एक कमांड दिली होती. हंगाम भरात, त्यामुळे दिवसा संगणक मोकळा मिळणं अशक्य. शेवटची गाडी रिकामी झाली, रात्रीचे नऊ वाजले आणि मी एंटर दाबलं. चकरी फिरू लागली. "नोंदी स्थलांतरित होत आहेत..." शेवटी तीन टिंबं. ही तीन टिंबं शोधून काढणाऱ्याला एकदा भेटायचं आहे.

मुनीमजी मफलर गुंडाळून शेजारी बसले होते. दहा वाजता त्यांनी विचारलं, "किती राहिलं, सर?"

"व्हायलंय," मी म्हणालो.

अकरा वाजता पुन्हा तेच. बारा वाजता चहा झाला. एक वाजता मला शंका आली, पण मुनीमजींनीच माझी समजूत काढली, "फिरायलंय म्हणजे चालूच असंल की ओ." त्यांचं काय चुकलं? फिरणारी गोष्ट चालू असते, हे माणूस रहाटापासून शिकत आलाय. मध्येच बंद केलं तर अर्धवट नोंदींचा खिचडा होईल, या भीतीने मीही हात लावला नाही. तीन वाजता मात्र राहवेना. दुसरी खिडकी उघडून नव्या फाइलचा आकार पाहिला. तो जिथे होता तिथेच होता. फाइलला शेवटचा हात लागल्याची वेळ: नऊ वाजून अकरा मिनिटं.

म्हणजे काम अकराव्या मिनिटालाच थांबलं होतं. वजनकाट्याच्या खोलीतल्या संगणकावर जुनं सॉफ्टवेअर उघडंच राहिलेलं. त्याने फाइलला कुलूप घातलं होतं आणि आमची कमांड त्या कुलपासमोर मुकाट उभी होती. पावणेसहा तास. आणि चकरी? ती जोमात. पहिल्या मिनिटाला होता तोच उत्साह, तीच गती.

असं का होतं, ते सांगतो, कारण अनेकांना वाटतं की चकरी म्हणजे कामाचं चाक आहे. नाही. बहुतेक प्रोग्रॅमांत तिला वेगळा टायमर असतो. एक गडी काम करतो आणि दुसरा दारात उभा राहून हात हलवतो. दुसरा गडी पहिल्याला कधीही विचारत नाही की बाबा, जिवंत आहेस का. जावास्क्रिप्टवाल्यांमध्ये फार चालणारी एक चकरी आहे, तिचं चिन्ह दर ८० मिलिसेकंदांनी बदलतं. सेकंदाला साडेबारा वेळा, तासाला ४५ हजार वेळा. त्या हिशेबाने आमच्या रात्रीत कुणीतरी मला अडीच लाखांहून जास्त वेळा "व्हायलंय" म्हणालं. आमच्या शिंप्यालाही इतकं जमलं नसतं.

मला जास्त चीड कशाची आली असेल तर जागेची. ज्या खोलीत मी हे सोसत होतो तिथून शंभर पावलांवर जिनांची रांग उभी आहे. डबल रोलर जिन ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चामड्याचे दोन रोलर फिरत असतात, त्यांना घासून पोलादी पट्ट्या बसवलेल्या, आणि मध्ये बीटर सारखा वर-खाली हलत असतो. रोलर कापसाचे तंतू ओढून घेतो, बीटर सरकी झाडून टाकतो. सरकी खाली, रुई बाहेर. आता या यंत्रातही फिरणं आहेच. पण वरून कापूस येणं थांबलं की त्याचा आवाज बदलतो. भरल्या तोंडाने होणारी घरघर जाते आणि कोरडी, पातळ खडखड सुरू होते. पोत्यांवर आडवा झालेला फिटर त्या आवाजाने झोपेतून उठतो. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. यंत्र रिकामं फिरतंय, हे यंत्रच सांगतं.

पुढे प्रेसमध्ये तर चक्क आकडा असतो. गठाण १७० किलोची. कापसातून रुई साधारण तिसरा हिस्सा निघते, तेव्हा एका गठाणीला पाचेक क्विंटल कापूस लागतो. सकाळपासून काट्यावर किती क्विंटल उतरला ते मुनीमजींना पाठ असतं. बाहेर किती गठाणी पडल्या ते दिसतं. कागद न काढता ते सांगतात, "अजून तीसेक निघतील, रात्री दोनपर्यंत पट्टा चालंल." हाच माणूस संगणकासमोर मफलर गुंडाळून भाबड्यासारखा विचारत होता, किती राहिलं सर. माझं सॉफ्टवेअर त्याच्या जिनाहून अडाणी होतं, आणि ते मी कमिशन घेऊन बसवायला निघालो होतो.

सकाळी फाटकापासून महामार्गापर्यंत गाड्या लागल्या. नवं चालू नाही, जुनं अर्धवट. पट्ट्या हाताने लिहिल्या. कोल्हा गावाकडचा एक शेतकरी पट्टी उलटी-पालटी करून म्हणाला, "कामून ओ, कंप्युटर विकला का काय?"

आता थोडं मागे जातो, कारण ही चकरी ज्या युक्तीवर फिरते ती युक्ती मला पोरवयापासून ओळखीची आहे. मी मराठी टायपिंग तीसची परीक्षा मशीनवर दिली आहे. ओळ संपली की डाव्या हाताने दांडी ओढायची, गाडी सरकन मागे, कागद एक घर वर. या दोन वेगळ्या क्रिया आहेत. संगणकानेही त्या वेगळ्याच ठेवल्या, टेलिप्रिंटरच्या काळापासून. गाडी मागे न्यायची पण कागद वर सरकवायचा नाही, असं केलं की आधीच्या अक्षरांवरच नवी अक्षरं उमटतात. झाली चकरी. पण त्याच मशीनवर समास जवळ आला की घंटी वाजायची. टिंग! घंटी गाडीला जोडलेली होती. गाडी सरकली नाही तर वाजणार कशी? आम्ही मशीन फेकलं, ओळीवर ओळ चढवण्याची युक्ती ठेवली आणि घंटी भंगारात दिली.

त्या जुन्या टेलिप्रिंटरवाल्यांची रीत मला बरी वाटते. सेकंदाला दहा अक्षरं छापणाऱ्या यंत्रावर युनिक्स ही संगणकप्रणाली वाढली, त्यामुळे तिथे बडबड परवडत नव्हती. आजही फाइलची प्रत काढा किंवा फाइल हलवा, काम नीट झालं तर ती कमांड एक शब्द बोलत नाही. बिघडलं तरच बोलते. घरात असा एखादा काका असतो. तुम्ही म्हणाल, तासभर चालणाऱ्या कामात असं गप्प राहून कसं चालेल? बरोबर आहे, नाही चालत. डिस्कच्या डिस्क उतरवून घेणारी "डीडी" नावाची कमांड अशीच मुकी होती. तिला दुसऱ्या खिडकीतून कोपरखळी मारावी लागायची, मग ती एकदाच सांगायची की इतके बाइट झाले. २०१५ साली लिनक्सवाल्यांच्या आवृत्तीत तिला चालता चालता आकडा सांगण्याची सोय आली. इतकी वर्षं गप्प राहिलेली ही बाई बोलली तेव्हा नुसता आकडा बोलली. चकरी फिरवली नाही.

लोकांना काय हवं असतं हे काही गूढ राहिलेलं नाही. ब्रॅड मायर्स या संशोधकाने १९८५ साली यावरच निबंध लिहिला: किती टक्के झालं हे दाखवा, लोकांना बरं वाटतं, ते आपल्या वेळेचं काहीतरी करू शकतात. चाळीस वर्षं झाली. पण मायर्सच्याही आधी हे आमच्या कालव्यावरच्या माणसांना ठाऊक होतं. जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा, पैठणहून निघतो आणि जालना जिल्हा ओलांडून आमच्याकडे येतो. पाळी सुटली की वर्तमानपत्रात येतं, "पाणी सोडले." हे झालं सरकारी व्हायलंय. पैठणला ते खरंही असतं. मानवत तालुक्यातल्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही, कारण त्याला मोटर आज बसवायची की परवा, हे ठरवायचं असतं. मग तो वरच्या अंगाच्या पाहुण्याला फोन लावतो. पाहुणा सांगतो की पाणी अमक्या किलोमीटरच्या दगडापाशी आलंय, सकाळपासून तिथंच तटलंय, गेट दाबलंय वाटतं. बघा, एका फोनमध्ये सगळं आलं. कुठवर आलं, कधीपासून हललं नाही, का हललं नाही. यातलं एकही "कृपया प्रतीक्षा करा"मध्ये नाही. आणि पाहुण्याला माहीत नसलं तर तो म्हणतो, "ठाव नाही बुवा, बघून सांगतो." प्रोग्रॅमला हे म्हणायची लाज का वाटावी?

नावातसुद्धा खरं सांगता येतं. आमचं रेल्वे स्टेशन गावापासून चांगलं लांब आहे. निजामाच्या काळात रूळ टाकणाऱ्यांनी त्याला "मानवत" म्हणून मोकळं व्हायला हरकत नव्हती. त्यांनी "मानवत रोड" लिहिलं. म्हणजे इथे मानवत नाही, मानवतला जाणारा रस्ता आहे, पुढचं तुम्ही बघा. असा प्रामाणिक संदेश मला कुठल्याही इन्स्टॉलरमध्ये भेटलेला नाही.

उलट आता संदेश लाडात आले आहेत. "थोडी कळ काढा, जादू घडते आहे!" टर्मिनलमध्ये बसणारी कृत्रिम बुद्धीची नवी साधनं तर एकेक क्रियापद शोधून आणतात: मुरवतंय, घोळवतंय, चिंतन करतंय. मी काट्यावरच्या पट्टीची बेरीज मागितली आहे, लोणचं मागितलेलं नाही.

मराठीत चकरी आणू पाहणाऱ्यांचे हाल वेगळेच. "प्रतीक्षा" हा शब्द घ्या. डोळ्यांना तीन अक्षरं, संगणकाला नऊ खुणा, आणि पडद्यावर तो किती घरं अडवेल हे टर्मिनलागणिक वेगळं. ओळीवर ओळ चढवताना लांबी मोजण्यात घोळ होतो आणि आधीचा मजकूर पुरता पुसला जात नाही. मग "झालं" या शब्दाच्या शेपटीला आधीच्या "नोंदी तपासत आहे"मधलं "सत आहे" तसंच लटकून राहतं. "झालंसत आहे." एका दुकानात हे वाचून मालकाने मला विचारलं, ही कुठली मराठी? मी म्हणालो, नवी आहे. आख्खी ओळ आधी पुसून टाकणारा संकेत असतो, तो वापरायला एक ओळ लागते. पण लिहिणाऱ्याने पडद्यावर इंग्रजीशिवाय काही पाहिलेलंच नसतं.

हीच चकरी रात्रीच्या आपोआप चालणाऱ्या कामात सुटली तर सकाळी लॉग उघडून बघा. समोर माणूस नाही, पडदा नाही, सगळं फाइलमध्ये जातंय, तरी ही फिरतेच. रिकाम्या मांडवात नाचावं तसं. हजारो काठ्यांच्या ढिगात "डिस्क भरली" ही एक ओळ कुठेतरी दबलेली असते, ती उकरून काढायची. समोर पडदा आहे की फाइल, हे विचारायची सोय युनिक्समध्ये सत्तरच्या दशकापासून आहे. विचारतो कोण?

याहून मोठा नीचपणा एकच सांगतो. हल्लीच्या देखण्या चकऱ्या ठिपक्यांच्या असतात. गोल सरकणारे सहा-आठ ठिपके. ते ठिपके म्हणजे युनिकोडमधली ब्रेलची चिन्हं आहेत, अंधांच्या लिपीसाठी राखलेला २५६ चिन्हांचा गट. आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर लावून बसलेल्या अंध माणसाला या चकरीचा त्रास सगळ्यात जास्त, कारण दर बदलाला ते सॉफ्टवेअर काहीबाही बडबडू शकतं. त्यांचीच अक्षरं घेऊन त्यांच्याच कानात भुणभुण.

दाखवण्याच्या नादात कामही मार खातं. २०१६च्या जानेवारीत, जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं एनपीएम हे साधन वापरणाऱ्यांच्या लक्षात आलं की प्रगतीची पट्टी बंद केली तर इन्स्टॉल जवळपास निम्म्या वेळात उरकतं. पट्टी रंगवण्यातच इतका वेळ जात होता. पुढे एनपीएमवाल्यांनी ती आवरली. वरातीतल्या घोड्याला इतकं सजवलं की नवरदेव पायी चालत मांडवात आला, असला प्रकार.

आता माझं स्वतःचं. मोंढ्यातल्या एका आडतीवर दिवसाच्या खात्यांचा मेळ घालणारा छोटा प्रोग्रॅम मी लिहून दिला. डोळ्याची पापणी लवायच्या आत तो आकडा देई. शेठजींचा विश्वास बसेना. "इतक्यात झालं? सगळं बघितलं का त्यानं?" रोज कॅल्क्युलेटर घेऊन पुन्हा बेरीज करायचे. कंटाळून मी त्यात चार सेकंदांची झोप घातली आणि दोन संदेश: "खाती तपासत आहे", "बेरीज पडताळत आहे". शेजारी पट्टी, हळूहळू भरणारी. शेठजी खूश. "आता कसं नीट बघायलंय!" हार्वर्डच्या ब्युएल आणि नॉर्टन या दोघांनी २०११ साली नेमकं हेच दाखवलं: यंत्र राबताना दिसलं की माणूस जास्त वेळ थांबूनही निकालाला जास्त मोल देतो. म्हणजे शेठजी एकटे नाहीत. ती झोप मी अजून काढलेली नाही. काढली तर दुसऱ्या दिवशी फोन येईल. चार सेकंदांचं खोटं ते, त्याला कसली शिक्षा, असं मी स्वतःला सांगतो. पण ज्याने ती सहा तासांची चकरी लिहिली तोही स्वतःला असंच काहीतरी सांगत असणार.

जिनिंगचं ते काम आठवड्याने पुन्हा केलं. या वेळी नोंदी नेणारा प्रोग्रॅम मी स्वतः लिहिला. चकरी नाही, रंग नाही. एकच ओळ: काटापट्ट्या ३८,४१२ पैकी इतक्या झाल्या, शेवटची नोंद इतक्या सेकंदांपूर्वी. बरोबर एक नोंद होते तेव्हाच आकडा हलतो. त्याखाली, काम अडलं तर कशाने अडलं त्याची ओळ. मुनीमजींनी चष्मा लावून दोन मिनिटं पाहिलं, मनात काहीतरी भागाकार केला आणि म्हणाले, "दोन वाजतील. मी जेवून येतो, तुम्ही पण घरी जा." मला घरी जायला सांगणारं हे पहिलं सॉफ्टवेअर.

रात्री सव्वाएकला फोन आला.

"सर, दहा मिनिटं झाले, आकडा हालंना गेलाय. खाली लिवलंय, काट्याच्या मशीननं फाइल धरून ठेवलीय म्हणून."

"मग बंद करा की काट्याचं."

"उशिराची गाडी आली होती, पोरानं उघडं ठेवलं असंल." फोन हातातच होता. पायांचा आवाज, कुत्रं भुंकलं, दार करकरलं, मग पुन्हा पायांचा आवाज. मी गोधडीतून बाहेर आलो नव्हतो.

"सव्वीस हजार एकशे आठ," मुनीमजींनी मोठ्याने वाचलं. थोडं थांबून, "एकशे वीस. झोपा तुम्ही."